‘आम्ही’ आणि ‘आपण’ : यहुदी विलापकवितेच्या वाचनासंबंधी

मराठी भाषेला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे लाभली आहेत. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात सामावला; ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहिला. जर्मन, हिब्रू, इंग्रजी या भाषांना ही सोय नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण मराठीत ‘आमच्या’ या शब्दाने सुरू करतो, ‘आपल्या’ने नाही, कारण ज्याच्याशी बोलायचे तो पिता समोर आहे, बोलणाऱ्यांच्या घोळक्यात नाही. उलट प्रवचनपीठावरून ‘आपण सारे पापी आहोत’ असे म्हटले जाते, तेव्हा धर्मगुरूही त्या वाक्यात बसलेला असतो, निदान बसलेला असावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख यहुद्यांचा संहार केला. त्या संहारातून आणि त्याच्या आठवणीतून जी कविता जन्मली, ती मराठी मनाने वाचू लागलो की हे दोन लहानसे शब्द वाटेत आडवे येतात. ती कविता म्हणते ते ‘आम्ही’ की ‘आपण’? आणि वाचणारा कॅथलिक असेल तर त्याने स्वतःला कोणत्या शब्दात मोजावे? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाच्या मागोमाग काही कवींकडे जाणार आहोत. सर्वांना सारखा न्याय मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अर्धापूरसारख्या गावी बसून हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. येथे केळी आणि हळद यांच्या भावाची चिंता मोठी. यहुदी माणूस येथे कोणी पाहिलेला नाही. परंतु यहुदी विलाप मराठीला परका नाही, हे आपण विसरलो आहोत. कोकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजाने बायबलमधील पुरुषांची चरित्रे लावून मराठी कीर्तने उभी केली. आर्या, साकी, दिंडी या छंदांत अब्राहाम आणि योसेफ गाइले गेले. ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या वाचकांनी या शेजाऱ्यांच्या कीर्तनांचीही ओळख करून घ्यायला हरकत नाही.

या समाजाने आपल्या सणांना दिलेली मराठी नावे पाहा. यरुशलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, दुसऱ्यांदा इ. स. ७० मध्ये रोमनांच्या हातून. त्या दोन्ही विनाशांचा शोक यहुदी लोक आव महिन्याच्या नवमीस उपवास करून पाळतात आणि जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून विलापगीतांचे पुस्तक वाचतात. बेने इस्रायल लोकांत या दिवसाचे नाव ‘बिरड्याचा सण’ असे पडले, कारण वालाच्या बिरड्याचे जेवण या दिवसाशी जोडले गेले. (आमच्या मराठवाड्यातील वाचकांसाठी सांगतो : बिरडे म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ.) हिब्रू मागे पडली, मंदिर तर कोणी पाहिलेच नव्हते, परंतु दोन हजार मैलांपलीकडच्या एका नगराचा शोक वालाच्या उसळीत तग धरून राहिला. स्मृती टिकवण्याचे काम ग्रंथांनीच करावे लागते असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ज्या विलापगीतांचा येथे उल्लेख झाला, ती आपल्या बायबलातही आहेत. मात्र आपल्या घरांतून ती फारशी उघडली जात नाहीत. सेमिनरीत शिकताना त्या पुस्तकाच्या रचनेने आम्हांस चकित केले होते. पाचांपैकी पहिली चार गीते वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत. हिब्रूत बावीस अक्षरे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गीतात प्रत्येक अक्षराने एकेक कडवे सुरू होते आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षरास तीन तीन ओळी मिळून सहासष्ट होतात. आकांत मांडणाऱ्याने अक्षरांचा क्रम का सांभाळावा? आमच्याकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात, त्या हेलालाही एक चाल असते, आणि चाल सुटली तर रडणेच सुटते. दुःखाला अ पासून ज्ञ पर्यंत चालायला लावले तर निदान ते कुठेतरी संपेल, ही आशा त्या बांधणीत असावी. पाचव्या गीतात कडवी बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. शिवाय त्या गीताचा शेवटचा चरण देवाने कायमचे झिडकारले की काय, या शंकेवर थांबतो. म्हणून सिनेगॉगमध्ये वाचणारे शेवटचा चरण झाल्यावर त्याच्या आधीचा, परत फिरवण्याची विनवणी करणारा चरण पुन्हा म्हणतात आणि मग पुस्तक मिटतात. जुन्या लॅटिन विधीत पवित्र सप्ताहातील ‘तेनेब्रे’ या उपासनेत हीच विलापगीते गाइली जात, आणि प्रत्येक कडव्याआधी आलेफ, बेथ ही हिब्रू अक्षरे सुरात लावून म्हटली जात. पुढे या शब्दाकडे, ‘तेनेब्रे’कडे, आपल्याला परत यायचे आहे.

बेने इस्रायल परंपरेतील आणखी एक गोष्ट. दावीद रहाबी नावाचा विद्वान कोकणात आला तेव्हा या लोकांजवळ हिब्रूतील फक्त एक प्रार्थना शिल्लक होती : ‘शमा’, म्हणजे इस्रायलने ऐकावे आणि परमेश्वर एकच आहे हे जाणावे, अशी आज्ञा. अनुवाद या पुस्तकातील ही आज्ञा घरी बसता, वाट चालता, निजता, उठता मुलांच्या मनावर ठसवावी असा नियम आहे. सारे काही विसरल्यावर उरली ती ही प्रार्थना.

आता प्रीमो लेव्ही या इटालियन कवीकडे वळू. हा तुरिन शहरचा रसायनशास्त्रज्ञ. १९४४ च्या फेब्रुवारीत त्याला मालगाडीतून ऑश्विट्झला नेण्यात आले; तो जगला आणि १९४५ च्या ऑक्टोबरात घरी परतला. पुढच्याच जानेवारीत त्याने लिहिलेल्या एका कवितेचे नाव आहे ‘शमा’. ती त्याच्या छावणीविषयीच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी छापली आहे. ते पुस्तक १९४७ मध्ये एका लहान प्रकाशनाने अडीच हजार प्रतींत काढले, कारण मोठ्या प्रकाशनाने ते नाकारले होते. या कवितेत लेव्ही अनुवादातील आज्ञेचा सारा साचा उचलतो. घर, वाट, निजणे, उठणे, मुले, सारे तेथे आहे. मात्र ज्याचे स्मरण ठेवायचे तो परमेश्वर तेथे नाही. त्या जागी आहे छावणीतला चिखलात राबणारा माणूस, आणि केस कापलेली, नाव हरवलेली स्त्री. हे माणूस आहेत की नाहीत, याचा विचार करा, अशी आज्ञा लेव्ही देतो. आणि विसराल तर घर कोसळो, रोग जडो, पोटची पोरे तोंड फिरवोत, असा शाप देऊन थांबतो.

या कवितेत ‘आम्ही’ही नाही आणि ‘आपण’ही नाही, आहे ते ‘तुम्ही’. ऊबदार घरांत राहणारे, संध्याकाळी परतल्यावर गरम जेवण आणि ओळखीचे चेहरे ज्यांना मिळतात असे तुम्ही. काही वाचकांना शेवटचा शाप अनावश्यक, कडवट वाटतो. आम्हांस तो पूर्णपणे शास्त्रोक्त वाटतो. अनुवाद या पुस्तकात आज्ञेमागून आशीर्वाद आणि शाप येतातच. लेव्हीने आशीर्वाद गाळला, एवढेच. ईश्वर मानत नसलेल्या माणसाने बायबलचा साचा मोडू दिला नाही, आणि आपण मात्र प्रार्थनापुस्तकांतून शापाची स्तोत्रे हळूच वगळतो. या विरोधाभासावर अधिक लिहिण्यासारखे आहे, पण तो वेगळा विषय.

पॉल सेलान हा या साऱ्यांत सर्वांत अवघड आणि सर्वांत अधिक नावाजलेला कवी. जन्म १९२०, चेर्नोव्हित्स या गावी; तेव्हा ते रुमानियात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घरात आईने जर्मन जपली होती, आणि जर्मन साहित्याची गोडीही तिनेच लावली. १९४२ मध्ये आईवडिलांना नेण्यात आले. वडील छावणीत वारले, आईला गोळी घातली गेली. अशा मुलाने जन्मभर जर्मन भाषेतच कविता लिहिली. मारेकऱ्याची भाषा आणि मातृभाषा एकच, ही अडचण कोणत्याही सिद्धान्ताने सुटणारी नाही. सेलान ती सोडवतही नाही, तो तिच्यात राहतो. १९७० च्या एप्रिलात पॅरिसमध्ये सीन नदीत त्याने जीव दिला.

‘टोडेसफूगे’, म्हणजे मृत्यूची फूग, ही त्याची कविता प्रथम १९४७ मध्ये बुखारेस्टच्या एका नियतकालिकात रुमानियन भाषांतरात छापली गेली. मूळ जर्मन नंतर आले. फूग हा पाश्चात्त्य संगीतातील प्रकार. एक सूरावली येते, दुसरी तिचा पाठलाग करते, दोन्ही गुंफत जातात. बाखच्या फूग जगभरच्या चर्चमध्ये ऑर्गनवर वाजतात. सेलानच्या कवितेत छावणीचे कैदी काळ्या झालेल्या दुधाविषयी बोलतात. ते पहाटे पितात, दुपारी पितात, रात्री पितात, आणि पुन्हा पितात. घरातला एक माणूस घरी पत्रे लिहितो, कुत्रे सोडतो, खड्डे खणायला लावतो आणि खणणाऱ्यांना वाद्ये वाजवायला सांगतो. दोन स्त्रियांचे केस शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहतात : गटेच्या ‘फाउस्ट’मधील मार्गारेटचे सोनेरी, आणि गीतरत्नातील शुलामिथचे राखेचे. मरियेच्या सणांच्या उपासनेत गीतरत्न ऐकलेल्या कॅथलिक कानांना हे नाव ओळखीचे आहे. ती प्रियतमा, जिच्या सौंदर्याचे रूपक ख्रिस्तसभेने स्वतःकडे आणि मरियेकडे वळवून घेतले, ती येथे धुराड्यातून गेलेली आहे. रूपक वळवून घेणाऱ्यांनी मूळ स्त्री कोणाची लेक होती, हे विसरू नये.

आपल्या भजनात पालुपद पुन्हा पुन्हा येते ते मनाला ठिकाणावर आणण्यासाठी. येथेही तेच ते शब्द फिरून येतात, पण प्रत्येक फेऱ्यात फास एक वेढा आवळला जातो. म्हणूनच या कवितेच्या सुंदरपणाविषयी तक्रार झाली. एवढ्या भीषण गोष्टीला इतका लयबद्ध आकार द्यावा काय? जर्मन तत्त्वचिंतक आडोर्नो यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ऑश्विट्झनंतर कविता लिहिणे रानटीपणाचे आहे, अशा अर्थाचे विधान केले होते. पुढे १९६६ मध्ये त्यांनी ते मवाळ केले. छळ झालेल्यास आक्रोशाचा हक्क असतो, असे मान्य केले. आम्हांस वाटते, विलापगीतांची वर्णमाला ठाऊक असती तर हा वाद एवढा चाललाच नसता. स्वतः सेलानला मात्र या कवितेचे जर्मन शाळांतील सराईत वाचन पुढे पुढे खुपू लागले. मुले ती पाठ म्हणत, शिक्षक फूगची रचना फळ्यावर समजावत, तास संपे. नंतरची त्याची कविता आखूड, तुटक, जवळजवळ मुकी होत गेली.

त्याच काळातली, १९५७ मधील, ‘तेनेब्रे’ ही कविता कॅथलिक वाचकाला थेट अडवते. शीर्षक आपल्याच उपासनेतले. क्रुसावरील प्रभूच्या वेळी पडलेल्या अंधारासाठी लॅटिन शुभवर्तमानात हाच शब्द आहे. बोलणारे मेलेले, एकमेकांत गुंतलेल्या देहांचे लोक. ते प्रभूला सांगतात की ते जवळ आहेत, आणि मग प्रार्थनेची दिशाच उलटवतात : प्रभूनेच त्यांची प्रार्थना करावी. पुढे रक्त येते, ते पिणे येते, त्यात दिसलेली प्रतिमा येते. काही ख्रिस्ती भाष्यकारांनी या कवितेत क्रुसावरचा ख्रिस्त आणि छावणीतले मृत यांचे मीलन वाचले. वाचन आकर्षक आहे, प्रवचनाला तर फारच सोयीचे. परंतु येथे आमचे मराठी व्याकरण आडवे येते. या कवितेतील जर्मन सर्वनाम मराठीत ‘आम्ही’ असेच आणावे लागेल; ‘आपण’ केले तर कविता मोडते. ते मृत लोक प्रभूलाही आपल्या ‘आम्ही’त घेत नाहीत, वाचकाला तर नाहीच नाही. क्रुसाच्या प्रतीकाने त्यांच्या मरणाला अर्थ देऊ पाहणाऱ्याला ते नम्रपणे नव्हे, ठामपणे बाहेर उभे करतात. शुभ शुक्रवारी क्रुसाचे चुंबन घेणाऱ्या माणसाला हे जड जाते. तरीही भाषांतर करणाऱ्याने येथे सौम्य होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हंगेरीचा मिक्लोश राद्नोती आपल्याला याहून जवळचा वाटेल, आणि म्हणूनच त्याच्याबाबत अधिक सावध राहायला हवे. यहुदी घरात १९०९ मध्ये जन्मलेला हा कवी १९४३ च्या मे महिन्यात पत्नीसह कॅथलिक झाला. त्याला बाप्तिस्मा दिला तो त्याचेच प्राध्यापक, कवी आणि पिआरिस्ट धर्मगुरू शांदोर शिक यांनी. वंशाचे कायदे बाप्तिस्मा मानत नव्हते. वेठबिगार म्हणून त्याला सर्बियातील बोर येथील तांब्याच्या खाणींकडे नेले गेले, आणि १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर पायी हाकलले गेले. नोव्हेंबरात अब्दा गावाजवळ त्याला इतर एकवीस जणांसह गोळ्या घालून पुरण्यात आले. १९४६ च्या जूनमध्ये खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटात एक छोटी वही सापडली. पहिल्या पानावर पाच भाषांत विनंती होती की ज्याला ही मिळेल त्याने ती बुडापेस्टच्या अमुक पत्त्यावर पोचवावी. आत होत्या त्याच्या शेवटच्या कविता. त्यांतील चार लहान कवितांना त्याने सर्बियन भाषेतले, चित्राच्या पोस्टकार्डासाठीचे नाव दिले आहे. सहलीला गेलेला माणूस धाडतो तशी ही पोस्टकार्डे! शेवटचे त्याच्या शेजारी कोसळलेल्या एका व्हायोलिनवादकाविषयी आहे आणि त्यात कवीने स्वतःचे मरण पाहून घेतले आहे. त्याच छावणीत तो व्हर्जिलच्या चालीवर गोपगीते रचत होता, लॅटिन षट्पदी वृत्त न चुकवता. या वहीपुढे आम्ही कोणतेही समीक्षेचे शब्द ठेवू इच्छित नाही.

एवढे मात्र सांगायचे : राद्नोती ‘आपला’ हुतात्मा आहे, असे म्हणण्याची घाई नको. तो कॅथलिक होता म्हणून मारला गेला नाही. हाच प्रश्न एडिथ स्टाइनविषयीही उभा राहिला. ती कार्मेल मठाची संन्यासिनी ऑगस्ट १९४२ मध्ये ऑश्विट्झमध्ये मारली गेली आणि १९९८ मध्ये संतपदी आरूढ झाली. तिच्यापुढे आम्ही गुडघे टेकतो. पण तिच्या यहुदी नातलगांचा ‘आम्ही’ तिच्यापाशी येऊन ‘आपण’ होतो, असे परस्पर ठरवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

दान पागिस यांच्या एका लहानशा हिब्रू कवितेपाशी मराठवाड्याची बोली अचानक मदतीला येते. पागिस बुकोविना प्रांतात १९३० मध्ये जन्मले, कोवळ्या वयात छावणीत राहिले, १९४६ मध्ये पॅलेस्टाइनला गेले आणि हिब्रूत लिहू लागले. १९८६ मध्ये वारले. मोहोरबंद रेल्वेडब्यात पेन्सिलीने खरडलेला मजकूर, अशी या कवितेची कल्पना आहे. डब्यात आहे आद्यमाता हव्वा, धाकट्या हाबेलसह. थोरल्या काईनसाठी तिला निरोप पाठवायचा आहे. निरोप सुरू होतो आणि वाक्य पुरे होण्याआधी कविता संपते. काईनचा उल्लेख करताना हव्वा त्याला हिब्रूत ‘बेन आदाम’ म्हणते. शब्दशः आदामाचा पुत्र. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ साधा ‘माणूस’. इंग्रजी भाषांतरांत हे शब्द आले की ख्रिस्ती कानाला लगेच ‘मानवपुत्र’ ऐकू येतो, प्रभूने स्वतःसाठी वापरलेले नाव. मराठीत ‘मानवपुत्र’ लिहिले तर कवितेचा घात होईल. आमच्याकडे नांदेडच्या बाजारात दखनीचा वारा आहे; ‘आदमी’ हा शब्द शेतमजूरही बोलतो, आणि त्या शब्दात आदम बसलेलाच आहे. काईन हा आदमी. खुनी कोणी राक्षस नव्हता, भाऊ होता, त्याच आईच्या पोटचा आदमी. एका शब्दाने भाषांतर घरी आले. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये रोमच्या सिनेगॉगला गेले तेव्हा त्यांनी यहुद्यांना ख्रिस्ती लोकांचे वडीलबंधू म्हटले. पागिस यांच्या कवितेत थोरला भाऊ बाहेर आहे आणि धाकटा डब्यात. इतिहासात ते उलटे घडले, हे लक्षात घेऊन ती कविता पुन्हा वाचावी.

किल्लारीच्या भूकंपाने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. तेव्हाही येथल्या माणसांनी देवाला जाब विचारला, जात्यावरच्या ओव्यांनी विचारला. पण भूकंपाला वेळापत्रक नव्हते आणि त्यात कोणी डबे मोजले नव्हते. यहुदी कवींचा जाब एकाच वेळी वर आणि शेजारी वळतो, म्हणून तो अधिक बोचतो. मराठवाड्याला शेजाऱ्याकडे वळलेला जाबही ठाऊक आहे. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्या पेटल्या, आमच्याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, आणि त्यांची आठवण आजही जलशांतून व भीमगीतांतून गाइली जाते. दोन घटना एका मापाने मोजता येत नाहीत आणि मोजूही नयेत. त्या गाण्यांतला ‘आम्ही’ मात्र सेलानच्या ‘आम्ही’सारखाच दाराशी उभा राहून बोलतो, आणि आमच्या कित्येक कुटुंबांना तो कानाने नव्हे, रक्ताने कळतो.

मुंबईचे निस्सिम इझिकेल (१९२४ ते २००४) हे बेने इस्रायल घरातले. इंग्रजीत लिहिले, वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, ही मराठीवर त्यांची उधारी. त्यांना संहाराचा कवी म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो खोटा आहे. ज्या देशात यहुद्यांचा छळ झाला नाही तेथे ते वाढले, आणि त्यांचा स्वर सौम्य, मिस्कील, स्वतःलाच चिमटे घेणारा आहे. १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘लॅटर-डे साम्ज’ या संग्रहात ते बायबलच्या स्तोत्रांशी वाद घालतात. आम्हांस तो वाद शहाणा पण काहीसा कोरडा वाटला, स्तोत्राचा आवेश सुटून जातो आणि टीप उरते. त्यांची खरी ताकद ‘हिम्स इन डार्कनेस’ (१९७६) मधील आत्मचरित्रपर कवितेत आहे. तेथे घाण्यावर बिया भरडणारे पूर्वज येतात, आणि त्याआधी येते शाळा. कॅथलिक शाळा. तेथे पोरे त्या लहान मुलाला सांगतात की ख्रिस्ताला तूच मारलेस. छळछावण्यांपासून हजारो मैल दूर, मुंबईच्या एका शाळेच्या पटांगणात, तोच आरोप, आणि तो करणारी मुले आपल्या घरांतली. इझिकेल त्यावर रागावत नाहीत, एक-दोन ओळींत पुढे जातात. आपण तितक्या लवकर पुढे जाऊ नये. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अवमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढले, आणि ख्रिस्ताच्या मरणाचा दोष साऱ्या यहुदी लोकांवर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले. इझिकेल यांची शाळा त्याआधीची. मुलांनी तो आरोप शिकला कोठे, हे विचारण्यास धर्मज्ञानाच्या तासाखेरीज दुसरी जागा नाही.

पोलंडच्या चेस्वाव मिवोश यांच्याकडे आम्ही शेवटी येतो, कारण येथे बोलणारा यहुदी नाही, आपल्यापैकी आहे. वॉर्सा शहरातील यहुद्यांच्या कोंडवाड्यात १९ एप्रिल १९४३ रोजी उठाव झाला. त्याच आठवड्यात ईस्टर होता. भिंतीच्या आत घरे जळत होती आणि भिंतीबाहेरच्या चौकात जत्रेचा पाळणा फिरत होता, पोरी-पोरे वर झुलत होती. मिवोश यांनी ते पाहिले आणि ‘काम्पो दे फ्योरी’ ही कविता लिहिली. नाव रोममधील त्या बाजारचौकाचे, जेथे १६०० मध्ये जोर्दानो ब्रुनो यांना जाळले गेले आणि ज्वाळा विझण्याआधी पानगृहे पुन्हा भरली. आपल्या नियतकालिकांतून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची कथा अधूनमधून येते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक कॅथलिक, रशियाच्या हद्दपारीतून वाचलेले. ती कथा सांगावीच. परंतु त्याच राष्ट्रातल्या त्या पाळण्याची कथाही तिच्या शेजारी ठेवावी.

मिवोश यांची त्याच वर्षीची दुसरी कविता याहून पुढे जाते. एक गरीब ख्रिस्ती कोंडवाड्याच्या ढिगाऱ्याखाली पडला आहे. मातीखालून कपाळावर दिवा लावलेला एक पहारेकरी-चिचुंद्री पुढे सरकतो आहे, एकेका मृताची राख ओळखतो आहे, मोजतो आहे. त्या ख्रिस्त्याची भीती मरणाची नाही. आपली गणना मृत्यूच्या मदतनिसांत होईल, ही त्याची भीती आहे. त्याने कोणाला मारलेले नाही. या कवितेत कवीने ‘मी’ वापरला आहे. ‘आम्ही’ही नको आणि ‘आपण’ही नको, असे त्या माणसाने ठरवलेले दिसते.

१९८७ च्या जानेवारीत क्राकोच्या ‘तिगोद्निक पोव्शेख्नी’ या कॅथलिक साप्ताहिकात समीक्षक यान ब्वोन्स्की यांनी या कवितेवर एक लेख लिहिला. पोलिश माणसांनी संहारात भाग घेतला असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण पाहत राहण्यातही एक दोष असतो आणि तो ‘आपण’ म्हणून स्वीकारला पाहिजे, असे त्यांनी मांडले. लेख कवितेचा होता, एका साप्ताहिकाच्या पानांतला. संपादक येझी तुरोविच यांच्याकडे त्यावर शेकड्याने पत्रे आली, बरीच संतापाची. पोलंडच्या शत्रूंच्या हातात कोलीत दिले, असा आरोप झाला. लेखकावर खटला भरावा, अशीही मागणी निघाली. तुरोविच यांनी ती पत्रे बाजूला सारली नाहीत. त्यांतील काही त्यांनी छापली, मग स्वतः उत्तर लिहिले आणि त्या उत्तरात ब्वोन्स्कींची बाजू घेतली.